माग चालू असताना पाहिलेलं जहाज

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी खालाचं नाव घेतो. नाव म्हणजे एवढंच, खाला. तिचं खरं नाव मी बराच मोठा होईपर्यंत मला माहीत नव्हतं, आणि ते इथे लिहिण्याचं कारणही नाही. ती माझी नात्याची मावशी नव्हे. मालेगावात आम्ही ज्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो त्या घराची ती मालकीण. खाली तिच्या नवऱ्याचे चार माग होते आणि वर त्यांचं बिऱ्हाड. माझे वडील हातगाडीवरून कापडाचे तागे बाजारात पोचवायचे. आई खालाच्या शेजारी बसून मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मी तिथवर अभ्यासाच्या जोरावर पोचलो, असं मी बरीच वर्षं सांगत असे. आता सांगत नाही. अभ्यास होताच, पण मला नाशिकला पाठवलं गेलं ते टीव्हीवरच्या एका मालिकेच्या एका भागामुळे, आणि तो भाग खालाने आम्हाला सांगितला होता.

‘सांगितला’ म्हणतो, कारण आम्ही सगळ्यांनी तो पाहिला होता, पण ऐकला कोणीच नव्हता.

मालिका परदेशी होती, आमच्याकडे दाखवली गेली तेव्हाही जुनीच होती. एक अवकाशयान, त्यातली माणसं आणि दर रविवारी सकाळी एक नवा ग्रह. नाव इंग्रजीत यायचं. आमच्या गल्लीत तिला सगळे ‘जहाज’ म्हणायचे. “जहाज लगा क्या?” असं विचारत पोरं खालाचा जिना चढायची.

आता अडचण अशी की मालेगावात मागांची सुट्टी शुक्रवारी. टीव्हीवर जे काही बघण्यासारखं असायचं ते रविवारी. जहाज लागायचं तेव्हा खालचे चार माग, शेजारच्या घरातले माग, त्याच्याही पलीकडचे माग सगळे जोरात चालू असायचे. वरच्या खोलीची फरशी तळपायाला हलताना कळायची. वीज गेली की गल्ली एकदम शांत व्हायची, पण तेव्हा टीव्हीही गेलेला. म्हणजे चित्र असायचं तेव्हा आवाज ऐकू येत नसे, आणि आवाज ऐकू येईल अशी शांतता असायची तेव्हा चित्र नसे. खालाच्या नवऱ्याने, खालूंनी, एकदा आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवून पाहिलं. टीव्हीची पाठ थरथरायला लागली, वर ठेवलेली फुलदाणी पडली, बाकी काही झालं नाही. त्यानंतर त्या बटणाला कोणी हात लावला नाही. आणि ऐकू आलं असतं तरी काय उपयोग? सगळं इंग्रजीच होतं.

मागावर काम करणारी माणसं त्या आवाजावर ओरडत नाहीत. ती ओठ मोठे हलवून, घशातून काहीही न काढता बोलतात, जोडीला हाताच्या खुणा, आणि समोरचा ओठ वाचतो. आमच्या गल्लीतल्या पोरांना हे अक्षरं शिकण्याआधी यायचं. खाला त्यात सगळ्यांत पुढे होती. रविवारी ती टीव्हीच्या शेजारी, आमच्याकडे तोंड करून बसायची, कारण तिचे ओठ आम्हाला दिसायला हवेत. मग तिला टीव्ही कसा दिसणार? तर समोरच्या भिंतीला तिच्या लग्नातलं लोखंडी कपाट होतं, त्याच्या दाराला आरसा होता. ती आरशात जहाज बघायची आणि आम्हाला सांगायची. आम्हाला उजवीकडून आलेला माणूस तिला डावीकडून यायचा. तेवढ्याने गोष्टीत काही बिघडत नव्हतं.

तिचं शिक्षण उर्दू चौथी. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ती चेहरे बघून सांगायची. “वो झूट बोल रहा,” ती ओठांनी म्हणायची, “बोलते टाइम डॉक्टरनी की तरफ देखताच नहीं.” माणसांना नावंही तिनेच दिली होती. यानाचा कप्तान म्हणजे मुकादम. कायम काहीतरी उघडून त्यात डोकं घालून बसलेला जाडा माणूस म्हणजे मिस्त्री. पांढऱ्या कपड्यांतली बाई म्हणजे डॉक्टरनी.

माझ्या आवडीचे भाग पुष्कळ होते. एकात ते लोक अशा गावात उतरतात जिथे सगळ्यांचा चेहरा एकच. दुकानदार, शिपाई, रस्ता झाडणारा, सगळे तेच. आम्ही घाबरून खालाकडे बघितलं.

“कुछ नहीं,” खाला म्हणाली, “सब एकीच सेठ के आदमी हैं. रोज उसके सामने खड़े रह-रह के शकल वैसीच हो गयी.”

कांड्या भरणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दारात उभे असलेले खालू ओठांनीच म्हणाले, “मैं भी तो सेठ हूँ. मेरे जैसी शकल तो किसी की नहीं हुई.”

“चार लूम में नहीं होती,” खाला म्हणाली. “चालीस लगते.”

दुसऱ्या एका भागात यानातल्या हवेचा कारभार एका पेटीकडे असतो. पेटीला दिवे, बाकी तोंड नाही, डोळे नाहीत. सगळे तिच्यासमोर उभे राहून हात जोडल्यासारखं बोलतात आणि ती एकेका खोलीचा दिवा घालवत जाते. खालाला ती पेटी बघताक्षणी ओळखू आली. “ये पावर हाऊस का साब है. किस गली की लाइट काटनी, येच ठहराता.” ती हे म्हणते आहे तोवर आमची वीज गेली. खालचे माग एकेक करून थांबले. त्या शांततेत खाला पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, “बोली थी ना, सुन लेता वो!” आम्ही इतके हसलो की खालून कारागीर बघायला वर आले. त्या भागाचा शेवट आम्हाला दिसलाच नाही.

आणि तिसरा भाग म्हातारीचा. हा मला सगळ्यांत आवडायचा, आणि पुढचं सगळं याच भागावरून घडलं.

ओसाड ग्रह. मातीच्या रंगाचं घुमटासारखं एक घर. त्याला एकच खिडकी आणि तिच्यावर लोखंडी झडप. आत एक म्हातारी आणि एक शाळकरी वयाचा मुलगा. जहाज तिथे उतरतं. मुकादम म्हातारीशी बराच वेळ बोलतो, मग छातीवर हात ठेवून मान खाली घालतो. म्हातारी मुलाला त्याच्या हवाली करते. मुलगा रडतो. जहाज उडतं. मग बराच वेळ नुसते तारे. मग तेच घर, तीच म्हातारी, आता पुरती वाकलेली. दूरवरून एक तरुण माणूस चालत येतो, शिरस्त्राण काढून हातात धरतो. ती दार उघडते. दोघं काहीतरी बोलतात. ती त्याला आत घेते आणि जाऊन खिडकीची झडप उघडते. तिच्या तोंडावर उजेड पडतो. संपलं.

खालाने तो भाग असा सांगितला. मुकादम म्हणाला, तुझ्या पोराला शिकवतो. तिने विचारलं, परत आणशील? त्याने छातीवर हात ठेवून कसम खाल्ली. आणि शेवटी: “आ गया. पढ़-लिख के आ गया. देखो, सीधा घर आया, कहीं नहीं रुका.” हे सांगताना तिचे स्वतःचे ओठ नीट हलेनात. बायका डोळे पुसत होत्या. माझी आईही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझा बारावीचा निकाल लागला. मार्क बरे होते. मास्तरांनी नाशिकच्या एका कॉलेजात आणि तिथल्या वसतिगृहात माझ्यासाठी खटपट केली. वडील म्हणाले, जाऊ दे. आई म्हणाली, नाही. आई बागलाणातल्या खेड्याची. तिचा धाकटा भाऊ सुरतेला कामाला गेला तो परत आलाच नव्हता, जिवंत आहे की नाही हेही कळलं नव्हतं. शिकायला जाणं आणि हरवणं या दोन गोष्टी तिच्या दृष्टीने एकाच रस्त्यावर होत्या.

शुक्रवारी, माग बंद असताना, ती आणि खाला ओट्यावर बसल्या होत्या. खाला तिच्या उर्दूत बोलायची, आई तिच्या अहिराणीत, आणि दोघींचं कधी अडलं नाही.

“मना पोऱ्या नाशिकले गया ते माघारी येई का, आपा?” आई म्हणाली.

“तूने जहाज में देखा नहीं? वो बच्चा कितने दूर गया था. तारों में गया था. आया ना? और नाशिक तो एस.टी. का रस्ता है.”

“ते टीव्हीमा व्हतं.”

“टीव्ही में था तो क्या झूट था? मुकादम ने कसम खायी थी. तेरे सामने खायी थी.”

“कसम खादी व्हती खरी,” आई म्हणाली.

वडील आत दाढी करत होते. ते हसून म्हणाले, “म्हणजे मी महिनाभर सांगतोय त्याचं काही नाही. त्या जहाजवाल्याने सांगितलं की लगेच पटलं.”

“त्याना चेहरा तरी भरवशाना शे,” आई म्हणाली.

अशा रीतीने मी नाशिकला आलो. वसतिगृहात मुलं मला हसायची, कारण मी बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायचो. वर्गातल्या मुलींचा त्यावरून गैरसमज व्हायचा तो निस्तरता निस्तरता पहिलं वर्ष गेलं. पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालो. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या शीतगृहात नोकरी लागली, अजून तिथेच आहे. घर नाशिकला केलं. आई शेवटची वर्षं माझ्याकडेच होती. मी परत गेलो का, तर राहायला नाही गेलो. पण आई गेल्यावरही सणाला, ईदला, कोणी आजारी असलं की मालेगावला जातो.

माझ्याकडे बघून खालाने तिच्या धाकट्या मुलालाही पाठवलं. तो माझ्याहून थोडा लहान. आधी मुंबईला वातानुकूलन यंत्रांचं काम शिकला, मग आखातात गेला. खालू तयार नव्हते. त्यांनाही खालाने तेच ऐकवलं होतं, जहाजातला मुलगा परत आला, मागच्या खोलीतला पोरगा दर सुट्टीला येतो, मग आपला का नाही येणार? तो सुरुवातीला यायचा. मग लग्न झालं, बायकोला घेऊन गेला, मुलं तिकडे शाळेत घातली. खालू वारले तेव्हा त्याला वेळेवर निघता आलं नाही. तो वाईट नाही. दर शुक्रवारी फोनवर तोंड दाखवतो, आईला काय हवं नको विचारतो. फक्त येत नाही.

खाला आता थोरला मुलगा, सून आणि नातीबरोबर त्याच घरात राहते. माग विकले, खाली कोणाचं तरी गोदाम आहे. आयुष्य मागांजवळ गेल्याने तिचे कान कधीच गेलेत. त्याचं तिला फारसं वाटत नाही. ओठ वाचता येतात तिला, आणि घरातले सगळे तिच्याशी तसंच बोलतात. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. ओठ दिसेनासे झालेत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून बराच काळ झाला. आणखी थांबलात तर काम अवघड होईल, असंही सांगितलं. खालाचं उत्तर ठरलेलं: “छोटा आयेगा तब करेंगे. आँख पे पट्टी बांध के मैं किसके भरोसे बैठूँ?”

थोरला समजावून थकला. सून तर मला म्हणाली, “भाईजान, तुम्हीच सांगा. आम्ही काही बोललो की म्हणते, जहाज में वो आया था.”

त्याच सुमारास माझ्या मुलीने ती मालिका इंटरनेटवर शोधून काढली. बाबा सारखे ज्याबद्दल बोलतात ते बघू तरी, म्हणून तिने लावली. रविवारी सकाळी, नाशिकच्या आमच्या शांत घरात, खाली इंग्रजी अक्षरं येत असलेलं जहाज मी पहिल्यांदा ऐकलं. मुकादमाचा आवाज बारीक निघाला, याचं मला फार वाईट वाटलं. एकाच चेहऱ्याचं गाव म्हणजे एका आजारी माणसाने स्वतःच्या तयार केलेल्या नकला होत्या. पेटीच्या बाबतीत खाला जवळजवळ बरोबर होती. उरलेलं यान वाचावं म्हणून कोणत्या भागाची हवा तोडायची, हेच ती पेटी ठरवत होती. मुलगी म्हणाली, “तुमच्या खालाचं स्क्रिप्ट याच्यापेक्षा बरं होतं.”

मग म्हातारीचा भाग लागला. तो संपल्यावर मी उठून गच्चीत गेलो. शेवटी आलेला माणूस तो मुलगा नव्हता. दुसराच कोणी होता.

मी हे कोणालाही सांगणार नव्हतो. पण या ईदला मालेगावला गेलो तेव्हा खालाने माझी हनुवटी धरून माझं तोंड खिडकीकडे वळवलं. ओठांवर उजेड पडावा म्हणून ती आता सगळ्यांचं असंच करते.

“जहाज देखा बोलते तूने? आवाज के साथ?” माझ्या मुलीने फोनवर नातीला सांगितलं होतं.

मी मान डोलावली.

“मैंने तो मन से सुनाया था, मेरे को मालूम है. आवाज किसको आता था? पर वो बुढ़िया वाला. आखिर में जो आया, वो वोहीच था ना?”

सून हातातला शीरखुर्म्याचा वाडगा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी ओठ मोठे हलवून म्हटलं, “नीट आठवत नाही. पुन्हा बघतो आणि लिहून पाठवतो.”

“लिख. सच्चा लिख,” खाला म्हणाली. “ये लड़की मेरे को बड़े अक्षर में उतार के देती.” ही लड़की म्हणजे तिची नात. ती उर्दू शाळेत शिकते, पण मराठीही तिला चांगलं येतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड पेनाने लिहून ती आजीला सगळं वाचायला देते. तेवढं मोठं अक्षर खालाला अजून दिसतं.

परतीच्या रस्त्यात मनात एकच गोष्ट घोळत होती. हो, तोच होता, असं लिहिलं तर ती वाट बघत बसणार, आणि डोळे हातचे जाणार. तोच नव्हता असं लिहिलं तर ज्या गोष्टीवर तिने माझ्या आईला शब्द दिला, ज्या गोष्टीच्या बळावर तिने पोटचा मुलगा धाडला, तीच मी तिच्याकडून काढून घेणार. आणि हे करायचं कोणी, तर त्या गोष्टीतून सगळ्यांत जास्त ज्याला मिळालं त्याने.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “एका सिरियलचा शेवट तर आहे. एवढं काय?”

“तिच्यासाठी तसं नाहीये ते.”

“मला कळतंय. पण ती काय म्हणाली? खरं लिही म्हणाली ना? तिला खोटं हवं असतं तर ते तिला स्वतःला तुझ्यापेक्षा छान बनवता येतं.” थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “आणि त्या धाकट्याला विचारलंस का, तो येणार आहे की नाही? सगळे जण एका बाईच्या डोळ्यांची चिंता करत बसलेत आणि ज्याची वाट बघतायत त्याला कोणी विचारतच नाही.”

मी धाकट्याला फोन लावला. आमचं बोलणं फार वेळ चाललं नाही. त्याची कंपनी बदलली होती, कागदपत्रांचं अडलं होतं. या वर्षी नाही, आणि पुढच्याही वर्षी सांगता येत नाही, असं तो म्हणाला. “भाई, दर शुक्रवारी मी हेच सांगायचं ठरवून फोन लावतो. ती माझं तोंड बघायला पडद्याला नाक टेकवते. मग मला नाही जमत.” आणि त्यानेच विचारलं, “तू सांगशील?”

मी पुढच्या रविवारी तो भाग पुन्हा पाहिला, जागोजागी थांबवून. मग खालाला पत्र लिहिलं. ते असं:

खाला, सलाम.

हे मराठीत लिहितोय, नात उर्दूत उतरवून देईल. बेटा, यातलं काही गाळू नकोस, दादीने खरं लिहायला सांगितलंय.

तू विचारलंस ते मी पुन्हा बघितलं. सुरुवातीपासून सांगतो. मुकादम छातीवर हात ठेवतो, आठवतं? ती कसम नव्हती. तो म्हणतो, “मला माफ करा, आमचं जहाज या वाटेने परत येणार नाही.” आणि म्हातारी म्हणते, “ठाऊक आहे. म्हणूनच याला आत्ता घेऊन जा.” खाला, तिला आधीपासून माहीत होतं. ती फसली नव्हती. तिने जाणून पाठवलं. हे ऐकल्यावर मी टीव्ही थांबवला आणि तेवढं वाक्य पुन्हा लावून ऐकलं.

मुलगा रडतो तेव्हा तू म्हणाली होतीस की त्याला रोटी हवी आहे. तो विचारत असतो, “तुला पाणी कोण भरून देणार?” रोटी काय आणि पाणी काय, तू फार चुकली नव्हतीस.

आता शेवटचं. दारात आलेला माणूस तो मुलगा नाही. तो स्वतःच पहिल्या वाक्यात सांगतो, “मी तो नाही. मी त्याच्याबरोबर काम करतो. इकडे येणार होतो, तर त्याने सांगितलं, तिला भेटून ये.” म्हातारी म्हणते, “चालीवरूनच कळलं. तो पाय घासत चालायचा. आत ये, दार उघडं ठेवलं की माती येते.” मग ती विचारते, तो जेवतो का वेळेवर? हसतो का? हा म्हणतो, हसतो, आणि तुमच्या नकला करून आम्हाला हसवतो. त्यावर तिचा चेहरा हलतो. आपल्याला वाटलं ती रडते आहे. खाला, ती हसत असते. आवाजात ते साफ कळतं, मोठ्याने हसते.

आणि ती झडप. ती म्हणते, “त्याच्या वस्तूंवर धूळ बसू नये म्हणून ही बंद ठेवली होती. आता उघडते. मला माझं शिवण दिसेनासं झालंय.” बस, एवढंच. एवढ्यावर तो भाग संपतो.

तू आम्हाला जी गोष्ट सांगितलीस तिच्यावर माझ्या आईने मला सोडलं. त्या गोष्टीचं मी कधीच वाईट मानणार नाही, आणि तूही मानू नकोस. गोष्ट तुझी होती आणि चांगली होती. फक्त ती त्या लोकांची नव्हती.

धाकट्याशी मी बोललो. तो या वर्षी येऊ शकत नाही. पुढच्या वर्षीचंही त्याला सांगता येत नाही. हे तुला सांगायला त्याची जीभ रेटत नाही म्हणून त्याने मला सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस. रागवायचंच असेल तर शुक्रवारी फोनवर त्याच्याच तोंडावर रागाव, त्याला बरं वाटेल.

डोळ्यांचं आता थांबवू नकोस. नाशिकला माझ्या घरापासून जवळच चांगले डॉक्टर आहेत, मी त्यांना भेटून आलो. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा. राहायचं आमच्याकडे, थोरला आणि सूनबाई येऊन-जाऊन करतील. द्राक्षांचा हंगाम लागला की मला शीतगृहातून हलता येत नाही, म्हणून त्याच्या आधी ये. माझी बायको म्हणते, पथ्याचं जेवण जमेल, पण तुझ्यासारखा सालन तिच्याकडून होणार नाही, हे मी तुला आधीच सांगून ठेवावं.

पट्टी बांधल्यावर तू कोणाच्या भरोशावर बसायचं, असं तू विचारतेस. मी बसेन जवळ. तुला ऐकू येणार नाही आणि ओठही दिसणार नाहीत, म्हणून मी तुझ्या तळहातावर बोटाने लिहीन. तुला उर्दूच वाचता येतं, म्हणून तुझ्या नातीकडून मी फोनवर उर्दू अक्षरं शिकायला लागलोय. अलिफपासून सुरुवात केली, काल जीमपर्यंत आलो. नात म्हणते, माझा जीम उलटा पडतो. तू येईपर्यंत सरळ करतो.

कधी येतेस ते कळव. मी गाडी घेऊन येतो.

तुझा,
हातगाडीवाल्याचा मुलगा